दोघींच्या मधातला ड्रम

पंचफुलाबाईले गोड बोलताना ऐकलं असा माणूस नागपुरातल्या अख्ख्या हिंगणा रोडवर सापडला नसता. खाप्याच्या पलीकडं, कन्हानच्या काठाले आमचं गाव. गावातून नागपुराले पोट भराले गेलेल्या बाया पुष्कळ. पंचफुला मात्र पोट भराले गेली नाई, सासू टाळाले गेली. ती स्वतःच तसं सांगे अन् सांगताना तिची मान खाली जात नसे. उंच, हाडकी बाई. मनगटं गड्यासारखी. पाय असे का गोठ्यातली मारकी म्हैससुद्धा तिच्याकडं पाठ करून उभी राहत नसे.

ही गोठ सत्तर सालाच्या इकडची. हिंगणा रोडले तेव्हा एकामागून एक कारखाने उभे राहून राहिले होते. त्यातल्या एका रंगाच्या कारखान्यात पंचफुला लागली. तिथं गेरूसारखा लाल रंग बने, टिनाच्या छपराले अन् लोखंडी खांबाले मारतात तो. रंग मोठाल्या ड्रमात भरत, तोंडाचं बूच पान्यानं आवळत, त्यात तार ओवून शिक्का मारत, जो बूच उलटं फिरवलं तरच तुटे, अन् गोदामात रचून ठेवत. आता रंगाची जात अशी का चार महिने पडून राह्यला का गाद सारी बुडाशी बसते, वर नुसतं तेल. माल पाठवाच्या आधी तो हलवला पाह्यजे. पण शिक्का तोडता येत नाई. शिक्का तुटलेला ड्रम गिऱ्हाईक दारातूनच परत करे. म्हणजे झाकलेल्या ड्रमाच्या पोटातला रंग बाहेरूनच घुसळाचा.

त्याची रीत नानाजी मुकादमानं काढली होती. नानाजी काटोलकडचा, मिशा मोठ्या, अक्कल बेताची. गोदामाच्या मधात गुळगुळीत फरशी होती. तिथं ड्रम आडवा पाडाचा. या बाजूले एक बाई, त्या बाजूले एक, दोघी बोऱ्यावर बसलेल्या, पाठ पोत्याच्या थप्पीले टेकवलेली. हिनं दोन्ही पायांनी ड्रम तिच्याकडं लोटाचा, तिनं पायांनी अडवून हिच्याकडं. दिवसभर हेच. जात्यावर दोघी समोरासमोर बसतात तशाच ह्या बसत. पण जात्याले ओव्या असतात. इथं शिव्या होत्या.

गाद बुडाशी असली का ड्रम लंगडत लोळे, एका अंगाले जड. रंग मिसळला का त्याचं लंगडणं जाये अन् तो सरळ चाले. ते पायाले समजे. मंग दुसरा ड्रम.

पंचफुलाच्या समोरच्या बोऱ्यावर तिची धाकटी जाऊ बसे, गोपिका.

नानाजीले वाटलं, एका घरच्या दोघी, जोडी चांगली जमन. बैलाची जोडी लावाले निघालेला माणूस आधी पाह्यते का हे दोघं एकमेकाले शिंगं मारतात का. नानाजीनं ते पाह्यलं नाई. पह्यल्याच दिवशी दुपारलोक त्याच्या ध्यानात आलं, पण तोवर दोघींच्या पायांचं माप एकमेकीले असं जुळलं होतं का तेवढं काम दुसऱ्या कोणत्या जोडीकडून निघे नाई. मंग त्यानं तसंच चालू दिलं.

या दोघींचा अबोला होता. अबोल्याचं कारण सांगाले गेलं तं लोक हसतात, पण ज्याच्या घरी वाटणी झाली त्याले समजते. पंचफुलाचा नवरा चंद्रभान अन् गोपिकेचा दादाजी, दोघे सख्खे भाऊ, वायले निघाले तेव्हा वावर वाटलं, बैल वाटले, भांडी वाटली. शेवटी उरला मसाला वाटाचा दगड. पंचफुलानं पाटा उचलला. गोपिकेनं वरवंटा उचलला. कोणी सोडाले तयार नाई. पंच म्हणाले, एकीनं दोन्ही न्या, दुसरीले आमी नवीन घेऊन देतो. दोघीही म्हणाल्या, नवीन तिले द्या. शेवटी पाटा एका घरात गेला अन् वरवंटा दुसऱ्या. पंचफुला नदीतल्या गोट्यानं मिरची वाटे अन् गोपिका वरवंट्यानं घराच्या फरशीवर. त्या दिवसापासून दोघी एकमेकीशी बोलल्या नाईत.

आमच्याकडं अबोल्यालेही कायदा हाय. एकमेकाच्या तोंडाकडं पाहाचं नाई. नाव घ्याचं नाई. काही सांगाचंच असलं तं तिसऱ्याले सांगाचं. पोराले, बैलाले, भिंतीले. ज्याच्यासाठी असते त्याले ऐकू जाते, पण ऐकलं असं त्यानं कबूल कराचं काम नाई. अन् ज्यानं पह्यलं थेट तोंड उघडलं, तो हारला; पण जिंकलेल्यानंही मंग त्याले खरं उत्तर द्याले पाह्यजे. मंग त्याची पिढ्यान् पिढ्या नाचक्की. आमच्या गावात असे अबोले हायत का त्यातले दोन्ही माणसं मरून गेले अन् त्याहिचे नातू ते चालवून राहिले हायत.

कारखान्यात तिसरं कोण? ड्रम.

"ड्रमा," पंचफुला म्हणे, "सांग तिले, जोर लावाले भाकर लागते. तोंडाले पावडर लावून ड्रम सरकत नाई."

"ड्रमा," गोपिका तिकडून म्हणे, "सांग तिले, पावडर लावाले आधी थोबाड लागते."

अन् दोघींचे पाय चालूच. गोपिका ठेंगणी, गोल, गोरीपान, जीभ तुपात बुडवलेली, पण सुरी तुपात बुडवली म्हणून कापाची राहत नाई. ती मुकादमाले "मामाजी" म्हणे, पॅकिंगच्या बायांले "माय" म्हणे. पंचफुला कोणालेच काही म्हणत नसे, नुसती हाक मारे, "ए".

"ड्रमा, तिची टाच माह्या अंगठ्यावर आदळून राहिली."

"ड्रमा, तिचा अंगठाच वाटेत राह्यते. गावातही राहे."

नानाजी हे ऐकत विडी ओढे. "तुमी दोघी अशा बोलता का," तो म्हणे, "एखाद दिवशी ड्रमच उठून पोलिसात जाईन."

कोणी हसे नाई.

असं सहा-सात वर्सं चाललं. चाललंही असतं. पण गावात सासू पडली.

बायजाबाई गोठ्यातून येताना शेणावरून घसरली अन् तिचं कंबरेचं हाड गेलं. खाटेवर पडली, अन् पडल्या पडल्या अख्खं गाव हाकाले लागली. पाणी द्याले गेलेल्या शेजारणीच्या अंगावर तिनं तांब्या फेकला. दुसरीले म्हणाली, तू माह्या मरणाची वाट पाह्यतं, बुगडीवर डोया हाय तुहा. महिन्याभरात तिच्या दारात कुत्रं फिरकेना. मंग गावचा चंपतराव नागपुराले संत्र्याची गाडी घेऊन आला तेव्हा निरोप घेऊन जयताळ्याले आला. दोन्ही भाऊ तिथं शेजारी शेजारी खोल्या करून राहत.

"बुढी म्हणते, दोघीतून एक पाठवा," चंपतरावानं सांगतलं. "मी इचारलं, कोणती? तं म्हणे कोणतीबी. दोघीही सारख्याच नालायक."

चंद्रभान अन् दादाजी ओट्यावर बसले होते. या दोघा भावांत कधी अबोला नव्हता, एका काडीवर दोघांच्या विड्या पेटत. बायकांचं भांडण त्याहिले घरबसल्या तमाशा होता, तिकीट नाई काही नाई.

"माहीवाली जाणार नाई," चंद्रभान म्हणाला. "तिले आता सांगतलं तं ती मलेच खाटेवर पाडन."

"माहीही कोठी जाते," दादाजी म्हणाला. "कामाले जाते ना ती."

"कामाले दोघीही जातात."

मंग दोघांनी विडी संपेलोक विचार केला अन् ठरवलं. जिचं काम आधी सुटन, ती गावाले जाईन. बायजाबाई मरेलोक तिथंच राह्यन. यात कोणाची बाजू घेतली असं नाई होत.

दोन दारांच्या मागं दोघी उभ्या होत्या. दोघींनी ऐकलं. बायजाबाईच्या हाताखाली दोघींनी दिवस काढले होते. पंचफुला नवी नवरी असताना भाकर कडक झाली म्हणून बायजाबाईनं ती तिच्या पाठीवर मारून पाहिली होती, तुटते का. गोपिकेले तिनं पावसाळाभर गोठ्यात निजवलं होतं, पोरगी झाली म्हणून. दोघींले नागपूर आवडे असं काही नाई. नागपुरात बायजाबाई नव्हती, एवढं एकच कारण. ते पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशीपासून ड्रम जोरानं लोळाले लागला.

अन् त्याच हंगामात मशीन आली.

कारखान्याचे मालक मधुकरराव शेठ. माणूस हात उगारणारा नव्हता, पण बाईच्या तोंडाकडं पाहून बोलणारा पण नव्हता. कामठी रोडवरच्या कोण्या वर्कशॉपात त्यानं ती बनवून घेतली. लोखंडी सांगाडा, चारपाईएवढा बी नाई. वर चार रबरी रोलर, एका बाजूले मोटर, खाली दोन चाकं अन् धराले लांब दांडा. ड्रम आडवा करून उतरत्या पट्टीवर लोटाचा, दांडा ओढला का तो रोलरवर बसे. खटका दाबला का ड्रम जागच्या जागी गरगर फिरे. झाला का मशीनच दांड्यानं धरून पुढच्या ड्रमाजवळ न्याची. ड्रमानं कोठी जायाचं काम नाई अन् बाईनं बसाचं काम नाई.

पंचफुलानं मशीन पाह्यली, ड्रम फिरताना पाह्यला अन् तिच्या चाकाले लाथ मारली.

"लाथ नको मारू वं," नानाजी म्हणाला. "महाग हाय."

"मंग माह्या जागेवर तिलेच बसवा. जेवाले घाला."

मधुकररावांनी नानाजीले सांगतलं, हे एक बाई चालवीन. गोदामातला जुना माल दिवाळीलोक निघाला पाह्यजे, तोवर दोघी राहू दे. एक मशीनवर, एक थप्पीतले ड्रम काढून मशीनजवळ आणाले, म्हणजे लवकर होईन. दिवाळीनंतर एकच. कोणती ते तूच ठरव.

नानाजीनं हे दोघींले एकत्र उभं करून सांगतलं. शहाणा माणूस असता तं वेगवेगळं सांगता. "सकाळी एक चालवन, दुपारी दुसरी. जिचं काम चांगलं, ती राह्यन. जिचं नाई, ती घरी."

घरी म्हणजे कोणत्या घरी, ते दोघींले माहीत होतं.

मंग लागली झुंज. गोपिका नानाजीसाठी अंबाडीची भाजी आणाले लागली, ज्वारीच्या भाकरीत गुंडाळून. "मामाजी, मोटर गरम झाली का स्विच बंद कराचा ना?" असं विचारे, माहीत असून. पंचफुलाले हे जमत नसे. तिले नवीन वस्तूचा राग ये अन् राग आला का तिचे पाय चालत. एकदा ड्रम हळू फिरून राहिला म्हणून तिनं फिरत्या ड्रमावर पाय ठेवून त्याले ढकलला. चप्पल रोलरात गेली. पायाचं बोट वाचलं ते नशीब.

"ड्रमा," गोपिका म्हणाली, "लाथ मारनं एवढंच येते ज्याले, त्याले मशीन कायले?"

"ड्रमा, सांग तिले, भाजी खाऊ घालून मशीन येत असती तं कोंबड्यानंही चालवली असती."

एक गोठ मात्र मान्य कराले पाह्यजे. ज्या बाईनं ड्रम आणाचा तिनंच त्याचं बूच तपासून आवळाचं, अशी रीत होती. मशीनवरच्या बाईनं तो घेऊन चढवाचा. आता पंचफुलानं आवळलेलं बूच गोपिका पुन्हा आवळे, अन् गोपिकेनं आवळलेलं पंचफुला. एकीचा दुसरीवर तीळभर भरवसा नव्हता. त्यामुळं बूच सुटून रंग सांडला असं त्या दिवसांत एकदाही झालं नाई. नानाजी शेठले सांगे, असं आवळलेलं बूच मी जन्मात पाह्यलं नाई. शेठले वाटे, मुकादम चांगला हाय.

पण दुसरीकडून नुकसान सुरू झालं. गोपिका मशीनवर असली का पंचफुला गोदामाच्या पार आतल्या कोपऱ्यातून सर्वांत जुना, सर्वांत जड, दगडासारखी गाद बसलेला ड्रम शोधून आणे. फिरव म्हणे आता दुपारलोक. दुपारी पंचफुला मशीनवर आली का गोपिका त्याहून वाईट शोधे. समोरचे चांगले ड्रम तसेच पडून राह्यले, अन् कुजके तेवढे रोज बाहेर. अन् त्यावर खोटं बोलणं. "ड्रमा, तुहं बूच सैल हाय" असं पंचफुला मागून म्हणे. गोपिका मशीन थांबवे, पाहे, तं बूच पक्कं. तेवढा टाइम गेला. गोपिका दुसऱ्या दिवशी तेच करे. "ड्रमा, तुह्या मोटरीतून धूर निघून राहिला." पंचफुला धावत जाये. धूर नाई अन् काही नाई.

अशानं ड्रमाले सांगतलेल्या गोठीची किंमत गेली. आधी निदान शिव्या खऱ्या होत्या.

दिवाळी तोंडावर आली. त्या दिवशी सकाळची पाळी गोपिकेची होती. पंचफुला गोदामात शिरली अन् भिंतीच्या कडेचा ड्रम काढला. त्यावर पावसाळ्यात छपराचं पाणी गळलं होतं, पत्रा गंजून फोफसा झाला होता. मुद्दामच काढला तिनं. गाद अशी होती का ड्रम पाडला तं लोळेना, एका अंगावर बसून राह्यला. तिनं बूच आवळलं, लोटत मशीनपर्यंत आणला. गोपिकेनं बूच पुन्हा आवळलं अन् पट्टीवर घेतला. तेव्हा पंचफुलाच्या हाताले ओलं लागलं. तिनं हात पाह्यला. लाल. ड्रमाच्या लांब शिवणीवर बोटभर जागा ओली होती अन् गंजाखालून रंग झिरपून राहिला होता.

फिरला का फुटन, हे तिले दिसलं.

तिनं सांगतलं ते गोपिकेच्या दयेनं नाई. ड्रम फुटला का नानाजी पह्यलं विचारन, आणला कोणी? म्हणून सांगतलं.

"ड्रमा, तुही शिवण ओली हाय. चढू नको."

गोपिकेनं दांडा ओढला. ड्रम रोलरवर बसला.

"ड्रमा, ऐकून राहिला का? शिवण फुटली हाय तुही. उतर खाली."

गोपिकेच्या ओठाचा कोपरा थोडा वाकडा झाला, हसल्यासारखा. तिचा हात खटक्याकडं गेला. तिथं जाऊन तिचा हात धरता आला असता. "ए" म्हणता आलं असतं. पंचफुलानं तिसऱ्यांदा सांगतलं, बोंबलून सांगतलं, पॅकिंगच्या बायांलेही ऐकू गेलं, पण ड्रमालेच सांगतलं.

खटका दबला.

ड्रम दोन-तीन गिरक्या नीट फिरला. मंग शिवण उसवली अन् रंग असा उडाला का पिचकारी कायची, मोटच फुटली. भिंत लाल, छप्पर लाल, मोटर लाल. मोटर गुरगुरली, तिच्यातून घाण वासाचा धूर आला अन् ती बंद पडली. गोपिका डोक्यापासून पायापर्यंत रंगात न्हाली. पावडरीचं नावनिशाण नाई. दोन डोळे तेवढे पांढरे, अन् ते पंचफुलाकडं.

पंचफुला हसली. कोणी सांगतलं होतं हसाले? पण हसली, पोट धरून, अन् नेमके तेव्हाच मधुकरराव शेठ ऑफिसातून धावत आले. त्याहिनं पह्यलं काय पाह्यलं तं जळकी मोटर, अन् दुसरं पाह्यलं ते हसणारी पंचफुला.

"हा ड्रम कोणी आणला?"

"मी," पंचफुला म्हणाली. हसणं थांबलं होतं.

"फुटका आहे हे दिसलं नाही तुला?"

"दिसलं ना."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगतलं."

"कोणाला?"

"ड्रमाले," ती म्हणाली.

शेठनं नानाजीकडं पाह्यलं. नानाजीनं फरशीकडं. "ही बाई माझी थट्टा करते आहे का?" शेठनं विचारलं.

"नाई शेठ. आमच्याकडं तसंच राह्यते. यांचा अबोला हाय. अबोल्यात थेट सांगत नाईत, तिसऱ्याले सांगतात. माहा बाप त्याच्या थोरल्या भावाशी वीस वर्सं खांबातून बोलला. ज्याले ऐकाचं त्याले ऐकू जाते."

"माझा कारखाना आहे हा, तुझ्या बापाचा खांब नाही. ठीक आहे. हिला ऐकू गेलं का, ते विचार."

नानाजी गोपिकेकडं वळला. तिनं पदरानं तोंड पुसलं होतं, त्यानं ते अजूनच लाल झालं होतं. "सांग वं गोपिकाबाई. तुनं ऐकलं होतं का?"

गोपिकेनं घाई केली नाई. "मी कोणाचं ऐकू, मामाजी? ते बाई माह्याशी बोलतच नाई. सात वर्सं झाले. ड्रमाशी बोलली असन, तं ड्रमालेच इचारा."

पॅकिंगच्या बायांत एकजण फिसकन हसली अन् लगेच गप झाली.

"झालं तर," शेठ म्हणाले. "मुद्दाम फुटका ड्रम आणला, माहीत असून गप्प बसली, वर हसते. नानाजी, पंचफुलाबाई उद्यापासून येणार नाही. मशीन दुरुस्त झाली की ही दुसरी चालवेल."

असं सरळ झालं ते. पंचफुला तिथंच उभी राह्यली. तिच्या डोळ्यासमोर काय आलं ते तिनं पुढं कितीकदा सांगतलं हाय, म्हणून सांगतो. खाट आली. खाटेवरची बायजाबाई आली. "आली का नालायक" असं म्हणणारं तिचं बोळकं तोंड आलं. खाटेखालचं पातेलं आलं, जे सकाळ-संध्याकाळ नेऊन उकिरड्यावर रिकामं कराचं. म्हातारी हाडाची चिवट. दहा वर्सं मरणार नाई.

ती दोन पावलं पुढं गेली अन् गोपिकेच्या समोर उभी राह्यली.

"गोपिके," ती म्हणाली.

पॅकिंगमधले हात थांबले. त्या बायांतल्या अर्ध्या आमच्याच भागातल्या होत्या. त्याहिले समजलं का काय होऊन राहिलं. शेठ तेवढा घड्याळाकडं पाहत होता.

"गोपिके, माह्याकडं पाह्य. मी बोलून राहिलो तुह्याशी. तुनं ऐकलं का नाई?"

गोपिकेच्या लाल तोंडावर जे आलं ते पाह्यलेल्या बाया अजून सांगतात. वाटणीत अख्खं वावर एकटीले भेटलं असतं तरी तिचं तोंड तसं फुललं नसतं. तिनं पंचफुलाले लगेच उत्तर नाई दिलं. आधी पॅकिंगच्या बायांकडं वळली.

"ऐका वं. कोण बोललं पह्यले? ध्यानात ठेवा. गावात इचारतीन तं सांगजा."

मंग पंचफुलाकडं. डोळ्यात डोळा घालून, सात वर्सांतून पह्यल्यांदा.

"ऐकलं, जाऊबाई. तिन्ही बार ऐकलं. बह्यरी नाई मी. तुमचं सांगणं रोज खोटं राह्यते म्हणून चालवला. अजून काही इचाराचं हाय? इचारा, इचारा. आता तं बोलता तुमी."

नानाजीनं कपाळावर हात मारला. तो गोपिकेच्या बाजूचा होता, भाजीमुळं. पण आता करता काय.

"थांब," शेठ म्हणाले. "तू ऐकलंस? फुटका आहे हे ऐकून तू मशीन चालू केली?"

"ऐकलं म्हटलं ना."

"आणि मला आत्ता म्हणालीस की ऐकलं नाही."

"तवा ते बोलली नव्हती ना, शेठ," गोपिका म्हणाली, जसं शेठलेच काही समजत नाई. "आता बोलली."

शेठनं तिच्याकडं पाह्यलं, नानाजीकडं पाह्यलं. त्याहिले हे कायचंच समजलं नाई अन् समजून घ्याचं बी नव्हतं. एक बाई खोटं बोलली अन् तिनं मोटर जाळली, एवढं त्याहिले समजलं. "हिला काढ," ते म्हणाले. "ती राहू दे. निदान सांगितलं तरी तिनं. कोणाला का असेना."

गोपिका रडली नाई. बोऱ्यावरचा डबा उचलला, रंगानं भरलेला पदर कंबरेले खोचला. फाटकातून जाताना तिनं मागं वळून सर्वांले ऐकू जाईन असं सांगतलं, "जातो मी. पण हारून नाई जात."

पंचफुला जागची हालली नाई. तिचा पाय मशीनच्या चाकाजवळ होता, पण तिनं लाथ मारली नाई.

गोपिका एसटीनं गावाले गेली. सावनेरच्या स्टँडवर तिनं गोठ सांगाले सुरुवात केली, खाप्यालोक अर्ध्या तालुक्याले माहीत झालं होतं. गावात शिरली ती पाटलाच्या सुनेसारखी. बायजाबाईनं खाटेवरून विचारलं, "तू काहून? दुसरी कोठी हाय?" गोपिकेनं सांगतलं, थोरली पह्यले बोलली. बायजाबाई कंबर दुखते हे विसरून हसली. त्या दिवशी सासू-सुनेनं एका ताटात खाल्लं म्हणतात. दुसऱ्या दिवशी बायजाबाईनं तिच्या अंगावर तांब्या फेकला अन् पुढं पाच वर्सं फेकतच राह्यली. पण गावातल्या पाणवठ्यावर, लग्नात, बारशात गोपिका मान वर करून फिरे. तिले कोणी विचारलं का कशी हायस, तं ती म्हणे, "मरून राहिलो गू काढता काढता. पण बोलली ते बोलली ना?"

इकडं मोटर नवी तार गुंडाळून आली. पंचफुला मशीन चालवाले लागली. जुना माल अजून उरला होता, म्हणून ड्रम आणाले तेवढ्यापुरती यमुताई नावाची नवीन बाई आली, गोड स्वभावाची, दिवसभर हसे. पह्यल्याच आठवड्यात तिच्या हातचं बूच सुटलं अन् फरशी लाल झाली. पंचफुलानं तिले असं झापलं का यमुताई पाणी प्याले गेली ती संध्याकाळलोक परत आली नाई. शेठचे ड्रम मात्र नीट निघत. पंचफुला कारखाना बंद होईलोक तिथं होती. तिथं तिले कोणी काही म्हणत नसे.

जयताळ्याच्या नळावर मात्र म्हणत. आमच्या भागातल्या बाया होत्याच तिथं. पंचफुला घागर घेऊन आली का बोलणं थांबे, मंग कोणीतरी घागरीकडं पाहत म्हणे, काही जणी बोलून बसतात बाप्पा. गावाले ती पुन्हा गेली नाई. बायजाबाई मेली तेव्हा चंद्रभान एकटाच गेला. गेली असती तं अख्ख्या मांडवानं तिचं तोंड पाह्यलं असतं, अन् गोपिकेनं वाढलेलं ताट तिले खावं लागलं असतं.

एकदा नळावर अंजनाबाईनं, ती तशी तिच्या बाजूची होती, विचारून टाकलं. "पंचफुलाबाई, एवढे वर्सं सांभाळलं. मंग त्या दिवशी काहून बोलली वं तू? थोडं थांबली असती."

पंचफुलानं घागर नळाखाली लावली. गळ्यालोक भरू दिली. मंग ती कंबरेवर घेतली.

"बोललो, कारण मले त्या थेरडीचं गू काढाचं नव्हतं," ती म्हणाली. "नाई काढलं. सरक बाजूले."